एका रिंगपुरती आई

चष्म्याची काडी निखळली म्हणून तो त्या सकाळी एरवी कधी न जाणाऱ्या रस्त्याला गेला, चष्मेवाल्याने इवलासा स्क्रू पिळून चष्मा त्याच्या नाकावर चढवला, आणि त्या दुरुस्त चष्म्यातून त्याला पहिली दिसली ती त्याची आई. रस्त्याच्या पलीकडे. एका हातात फुगलेली निळी पिशवी, दुसऱ्या हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. जन्मापासून पाहिलेला तो अंबाडा गायब. मानेपर्यंत कापलेले पांढरे केस, आणि तेही ओले. ती कुणा दोन बायकांशी बोलत होती, आणि बोलता बोलता इतकी हसली की सफरचंदाचा हात तिला कमरेवर टेकवावा लागला. नेमक्या त्याच वेळी त्याच्या खिशातला फोन एकदा वाजला आणि बंद झाला. रोजच्यासारखा. त्याने काढून पाहिलं. आई. त्याने वर पाहिलं. आई सफरचंदाचा लचका तोडत होती. मध्ये बस आली, बस गेली, आणि पलीकडचा फुटपाथ रिकामा झाला.

आता अशा वेळी कुणीही धड डोक्याचा माणूस काय करेल? हाक मारेल. रस्ता ओलांडेल. निदान 'अगं!' तरी म्हणेल. हा पठ्ठ्या चष्मेवाल्याच्या दारात फोन हातात धरून उभा, आणि त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की मग रिंग दिली कुणी? चष्मेवाला म्हणाला, "काय हो, घट्ट बसला का?" हा म्हणाला, "नाही, रिंग तर आली." चष्मेवाल्याने पैसे घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. रोज शंभर डोळे बघणारा माणूस तो, अशा उत्तरांची त्याला सवय असणार.

ऑफिसात त्याला सगळे मुकादम म्हणत. खरा हुद्दा लांबलचक होता आणि तो त्याच्या बायकोलाही धड सांगता येत नसे. ती लोकांना सांगायची, "मशीनं सांभाळतात. पडली की उठवतात." तसं ते खरंच होतं. शहरातल्या झाडून सगळ्या दवाखान्यांत कोण आजारी आहे, कुणाचं रक्त कुठलं, कुणाला कुठलं औषध चालत नाही, ही सगळी माहिती त्याच्या टोळीच्या ताब्यात होती. आणि ती एका जागी नव्हती, तीन वेगळ्या भागांतल्या तीन इमारतींत तिच्या तीन प्रती होत्या, म्हणजे एकीला आग लागली, दुसरीत पाणी शिरलं, तरी नर्सने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं पाहिजे. त्या तिघींची नावं थोरली, मधली आणि धाकटी. एखादी बातमी दोघींनी मान डोलावली तरच खरी. आणि एकीचा बाकी दोघींशी संबंध तुटला, तर ती एकटी पडलेली गप्प बसते. चुकीचं सांगण्यापेक्षा 'मला माहीत नाही' म्हणते. हा गुण माणसांत किती दुर्मीळ, असं मुकादम नव्या पोरांना दरवेळी ऐकवायचा, आणि ऐकवताना त्याचा चेहरा पोरींच्या बापासारखा व्हायचा. वर्षभरात मिळून फार तर पाच मिनिटं बंद राहायची मुभा होती. पाच मिनिटं! तेवढ्यात तुमचा एक चहा संपत नाही, असं बायको म्हणे.

ऑफिसकडे चालता चालता त्याने उलट फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. म्हणजे फोन घरी होता, घरात कुणीतरी होतं, त्या कुणीतरीने आईच्या फोनवरून त्याला रिंग दिली होती, आणि आता ते कुणीतरी उचलत नव्हतं. चोर म्हणावा तर चोर मुलाला खुशाली कशाला कळवील? हे त्याला कळत होतं आणि तरी मान घामेजली होती. मग केस आठवले. इतका वेळ तो रिंगमध्ये अडकला होता. केसांनी त्याला सिग्नलपाशी गाठलं. त्याच्या बायकोच्या शाळेतल्या एका बाईंनी असेच अचानक केस कापले होते, गळण्याआधी आपणच कापलेले बरे म्हणून, आणि कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, उन्हाळा आहे ना. आई तर काहीच म्हणाली नव्हती. पण ती हसत होती! हसली म्हणून काय झालं? तिच्यासारखी माणसं दुखणं लपवायचं असलं की जास्तच हसतात. सिग्नल सुटला, लोक पुढे गेले, मागच्याने "अहो, चला की" म्हणून कोपर मारलं.

रिंगची कल्पना त्याचीच. त्याला ती सुचली तेव्हा तो स्वतःवर फार खूश झाला होता. दोन हिवाळ्यांपूर्वी आई जिन्यात पडली. एकटी राहते, वडील गेल्यापासून एकटीच, आणि आमच्याकडे ये म्हटलं की म्हणते, "तुमच्याकडे मला पाहुण्यासारखं वाटतं, माझ्याकडे मला माझ्यासारखं वाटतं." तर ती सकाळी पडली आणि दुपारपर्यंत तिथेच बसून होती, गुडघा धरून, शेजारच्या नर्सकाकू बाजारातून येईपर्यंत. तो त्या सकाळी ऑफिसात धाकटीला उठवत होता. धावत दवाखान्यात पोचला तेव्हा खाटेपाशी उभी असलेली नर्स पडद्यावर बघून डॉक्टरांना सांगत होती, "यांना ते इंजेक्शन चालत नाही." क्षणात उत्तर आलं होतं. धाकटी आडवी होती, तरी थोरली आणि मधलीने मान डोलावली होती. त्याला एकदम अभिमान वाटला, खोटं कशाला बोला, ऊर भरून आला. आणि लगेच त्या अभिमानाची अशी लाज वाटली की त्याने आईचा हात धरायच्या ऐवजी खाटेची दांडी धरली. सिस्टीमला आई पुरती ठाऊक होती. मुलाला ती पडल्याचंही ठाऊक नव्हतं.

ती तिन्ही मशीनं एकमेकींना सारखी खूण देत असतात, मी आहे, मी आहे, मी आहे. ऑफिसात त्याला धुगधुगी म्हणायचे. धुगधुगी थांबली की बाकीच्या समजतात, ही गेली. आई घरी आल्यावर त्याने तिला बसवून समजावलं, "हे बघ, रोज सकाळी आंघोळ झाली की मला एक रिंग द्यायची आणि कट करायचं. मी उचलणार नाही. वाजलं की मी समजेन, सगळं ठीक." आई म्हणाली, "म्हणजे मी मशीन?" तो म्हणाला, "नाही गं, असं काय म्हणतेस." ती म्हणाली, "मी कुठे वाईट म्हणाले? तुझी मशीनं तुला किती आवडतात." आणि दुसऱ्या दिवसापासून रिंग सुरू झाली. एकही दिवस चुकली नाही. बैठकीत असो, बसमध्ये असो, एकदा वाजायचं, खिशात आई येऊन गेल्यासारखं वाटायचं, आणि तो पुढच्या कामाला लागायचा. रविवारचं तिच्याकडे जाणं आधी एकाआड एक झालं, मग महिन्यावर गेलं, मग जमेल तसं. काळजी नव्हती ना! काळजी असती तर गेला असता.

ऑफिसात पोचला तर त्या दिवशी नेमकी पाडापाडी. ही पाडापाडी म्हणजे मुकादमाचीच रीत, आणि बाहेरच्या माणसाला ती वेडेपणाची वाटायची. आठवड्यातून एकदा, सगळे हजर असताना, पोटभर जेवून, भर उजेडात, तिघींपैकी एकीला मुद्दाम पाडायचं. चिठ्ठी टाकायची, जिचं नाव येईल तिची वीज तोडायची, आणि बघायचं की शहराला पत्ता लागतो का. साहेब लोक पहिल्यांदा घाबरले होते. मुकादम त्यांना म्हणाला होता, "साहेब, पडणार तर ती आहेच. आपल्या पाठीमागे पडण्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोर पडू दे. हात धरून उठायला शिकेल." सकाळ कशीबशी गेली, जेवणं झाली, पाडापाडीला अजून थोडा अवकाश होता. लोक डबे धूत होते. तो आपल्या जागेवर बसला आणि त्याच्या लक्षात आलं की या खुर्चीतून त्याला सगळं शहर दिसतं.

त्याला फक्त नाव लिहायचं होतं. आईचं नाव, आडनाव, एक बटण. तिघींपैकी दोघींनी मान डोलावली असती आणि पडद्यावर आलं असतं, कुठल्या दवाखान्यात गेली, कशासाठी, केस का कापले. त्याने पडद्यावर शोधाचं पान उघडलं. नावाचं पहिलं अक्षर लिहिलं. खऱ्या पेशंटची माहिती कामाशिवाय बघायची नाही, हा नियम होता, आणि गेल्याच वर्षी एका शहाण्याने होणाऱ्या सासऱ्याचा आजार शोधला म्हणून याच मुकादमाने त्याला घरी पाठवलं होतं, तो रडत असताना. दुसरं अक्षर लिहिलं. नियमाचं सोडा, त्याला भीती वाटत होती ती वेगळीच. समजा आलं पडद्यावर. समजा सगळं वाईटच आलं. तर आपल्याला ते थोरलीने सांगितलेलं असेल. मग आईपुढे जाऊन चेहरा कुठला करायचा? आपल्याला माहीत नसल्याचा? जिने त्याला बोलायला शिकवलं तिच्याबद्दल तो भिंतीला विचारत होता. त्याने अक्षरं खोडली. मग पुन्हा एक लिहिलं.

"मुकादम, पाडायचं ना? सगळे थांबलेत." मागे वकील उभी होती. वकील म्हणजे त्याच्या हाताखालची सगळ्यात हुशार बाई, लहान मुलीची आई, आणि प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारी, म्हणून वकील. तिने पडद्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली, जसं कपडे बदलणाऱ्या माणसाकडे आपण पाठ करतो. त्याने ते पान बंद केलं.

"कुणाची चिठ्ठी आली?"

"मधलीची."

"पाड."

तिने मधलीला पाडलं. मोठ्या खोलीत सगळे उभे, भिंतीवरचा फलक सगळा हिरवा, धुगधुगी दोन, तिसरी बंद, आणि कुणी श्वास सोडेना. कारण हिरव्यावर या खोलीत कुणाचाच विश्वास नव्हता. तोही मुकादमानेच घालवला होता. काही वर्षांमागे एका सकाळी धाकटीची जागा भरून गेली. तिच्याकडे गेलेली एकही नवी नोंद ती घेईना, आणि तरी धुगधुगी देत राहिली, मी आहे, मी आहे. फलक हिरवागार. ती होती, पण काही करत नव्हती. एका दवाखान्यातून फोन आला तेव्हा कळलं. त्या दिवशी मुकादमाने टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, "यापुढे नुसत्या धुगधुगीवर जायचं नाही. आहेस का, असं विचारायचंच नाही. खरा प्रश्न विचारायचा, आणि उत्तर बरोबर आलं तर ती जिवंत." आणि त्यासाठी त्याने एक पेशंट तयार केला. नसलेला. त्याला जगातले सगळे आजार होते, अर्धी औषधं चालत नव्हती, आणि सगळे त्याला मामा म्हणायचे. दर मिनिटाला कुणीतरी, म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम, तिघींना विचारायचा: मामाचं रक्त कुठलं? मामाला हे चालतं का? मामाचं काल काय झालं? मामाच्या तब्येतीवर खोलीतल्या सगळ्यांचा जीव होता. नवीन लग्न झालेल्या एकाने मामाला पत्रिकासुद्धा पाठवली होती.

"मामाचं विचारलं?" मुकादम म्हणाला.

"विचारलंय," वकील म्हणाली. "उत्तर यायचंय."

उत्तर यायला एरवीपेक्षा वेळ लागला. फार नाही, पण इतका, की खुर्चीत बसलेला एकजण उठून उभा राहिला. मग भिंतीवर अक्षरं उमटली, मामाला ते औषध चालत नाही, आणि खोलीभर "शाब्बास मामा!" झालं, कुणी शिट्टी मारली, कुणी मामाला पेढे वाटायला हवेत म्हणालं. मुकादम हसला नाही. तो भिंतीकडे बघत होता. दर मिनिटाला, त्याच्या मनात आलं. नसलेल्या माणसाची दर मिनिटाला विचारपूस. आणि आईला दिवसातून एक रिंग, तीही तिनेच द्यायची, तीही आपण उचलायची नाही. अरे, शेवटचा प्रश्न कधी विचारला आपण तिला? खरा? जेवलीस का, गोळी घेतलीस का, हे नव्हे. ते आहेस का असंच विचारणं झालं. त्याने आठवून पाहिलं. दिवाणखान्याच्या भिंतीला रंग कुठला देऊ, असं तिने त्याला विचारल्याचं आठवलं. त्याने काय उत्तर दिलं ते आठवलं नाही.

"मी जातो," तो म्हणाला.

"कुठे?"

"आईकडे. एक विचारायचंय."

"मधली अजून खाली आहे," वकील म्हणाली. "ती उठेपर्यंत तुम्ही कधी जागचे हललेला नाहीत. मुलीच्या बारशाच्या रजेतसुद्धा मला फोन करून सांगत होतात, उठली गं, उठली."

"तू आहेस ना."

वकिलीणबाईंचं तोंड उघडं राहिलं. मग ती म्हणाली, "हे जरा मोठ्याने म्हणा, सगळ्यांसमोर." पण तोपर्यंत तो जिन्यात होता.

दार नर्सकाकूंनी उघडलं. आईच्या घराचं दार, नर्सकाकूंनी. त्याला बघून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगबाई, तुम्ही? आज पोचली नाही का रिंग? मी तर..." आणि मग त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. चाळीस वर्षं दवाखान्यात काढलेली बाई ती, मरणाच्या बातम्या चेहरा न हलवता सांगितलेली, आणि इथे शाळकरी मुलीसारखी पकडली गेली. "म्हणजे तिने दिली," त्या म्हणाल्या. "तिनेच दिली. मी दूध तापवायला आले होते." आणि चप्पल उलटसुलट घालून समोरच्या घरात पसार झाल्या.

आतून आईचा आवाज आला, "कोण गं?" तो आत गेला. दिवाणखान्याची भिंत फिकट निळी होती. हा रंग त्याने पाहिलाच नव्हता. खिडकीतल्या दोरीवर नुकतंच धुतलेलं काहीतरी काळं वाळत होतं, त्यातून खालच्या बादलीत थेंब पडत होते, आणि आई पाय वर घेऊन सोफ्यावर बसली होती, कापलेल्या केसांत फारच लहान दिसत होती, लहान म्हणजे वयाने.

"आई, तू बरी आहेस ना?"

"का? दिसत नाही बरी?"

"केस..."

"टोपीत मावत नव्हते."

"कसली टोपी?"

"पोहायची रे." तिने दोरीकडे हनुवटी केली. तो काळा पोशाख आता त्याला नीट दिसला. "पालिकेच्या तलावावर जाते. बायकांची वेळ असते सकाळी."

तो खाली बसला. खुर्चीवर बसायचं होतं, पण बसला तो जमिनीवर, तिच्या पायांपाशी. त्याला रडू आलं. एवढ्या मोठ्या बाप्याला, भर दुपारी. ते लपवायला म्हणून त्याने चष्मा काढला, तर सकाळीच बसवलेली काडी पुन्हा निखळून हातात आली, आणि मग तो हसायला लागला, आणि आईला यातलं काहीच न कळून ती म्हणाली, "अरे, काय झालं? घरी सगळं ठीक ना? सूनबाई बरी आहे ना?"

"मला वाटलं तू आजारी आहेस."

"आजारी माणसं पोहतात का, वेड्या?"

जीव भांड्यात पडला की माणूस आधी काय करत असेल, तर चिडतो. तोही चिडला. गुडघा! ओल्या फरशा! कुणाला न सांगता! आई ऐकत राहिली. "डॉक्टरांनीच सांगितलं," ती म्हणाली. "पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही. पाण्यात मला गुडघाच नाही असं वाटतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होते की. पहिल्यांदा तरंगले ना, कुणी न धरता, आपली आपण, तेव्हा घरी येऊन तुलाच फोन लावला. कट नाही केला. म्हटलं, वाजू दे. तू उचललास."

आणि त्याला आठवलं. बैठकीत होता, फोन दुसऱ्यांदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला, तो खुर्ची पाडून बाहेर धावला होता. आई, काय झालं, पडलीस का? नाही रे, काही नाही, मी आपलं... मग वाजवत का ठेवलंस? जीव गेला ना माझा! एकदाच वाजवायचं ठरलंय ना आपलं? आणि तिकडून ती म्हणाली होती, बरं बरं, चुकलं माझं. आता सांगताना तिच्या आवाजात तक्रार नावालाही नव्हती. गंमत सांगावी तसं सांगत होती, आणि सांगता सांगता त्याच्या चष्म्याची काडी बसते का ते बघत होती. तेच त्याला सहन होईना.

मग तिने बाकीचं सांगितलं. रिंगची वेळ आणि तलावाची वेळ एकच. फोन तिकडे न्यावा तर ठेवायचा कुठे, कपाटांना कुलपं नाहीत. म्हणून नर्सकाकू रिंग देतात. "आणि काकू कधी लेकीकडे गेल्या तर खालचे शिंपी देतात. एकावर विसंबून राहू नये, असं तूच म्हणतोस ना? मी दोघांना सांगून ठेवलंय."

या बाईवर रागवावं की तिला ऑफिसात घ्यावं, मुकादमाला कळेना. "पण आई, मग त्या रिंगला अर्थ काय? तुला तिकडे काही झालं असतं, तरी ती वाजलीच असती. आज वाजली तेव्हा तू रस्त्यात उभी होतीस. सफरचंद खात."

आई थांबली. "तू पाहिलंस मला?"

"हो."

"समोरून?"

"पलीकडच्या फुटपाथवरून."

"मग हाक का नाही मारलीस?"

बादलीत थेंब पडत होते. तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती, लहानपणी गणित घालून बघायची तशी. मी फोनकडे बघत होतो, असं कसं सांगायचं? खिशात फोन थरथरला. वकिलीणबाईंचा असणार, मधली उठली म्हणून. त्याने पाहिला नाही.

"आमच्या ऑफिसात एक मामा आहे," तो म्हणाला, आणि मामाची सगळी हकीकत त्याने तिला सांगितली, पत्रिकेसकट. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "बरं चाललंय म्हणायचं मामाचं," ती म्हणाली. एवढंच. पण म्हणताना तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. त्याने विचारलं, "आई, पाणी गार असतं का गं?"

आणि मग आई जी सुरू झाली! पहिल्या पायरीवर गार असतं, तिसऱ्या पायरीवर नाही, कानात गेलं की स्वतःचाच आवाज मोठा ऐकू येतो, शिकवणारी पोरगी किती खत्रूड आहे, आणि त्या दोन मैत्रिणी, एक बेकरीवाली, एक निवृत्त पोलीस, आणि पोलीसबाईच सगळ्यात जास्त घाबरते. तुझ्या बाबांना पोहता यायचं, मला म्हणायचे चल, मी म्हणायचे तुझी शाळा आहे, डबा आहे. हे त्याला माहीत नव्हतं. बाबांना पोहता यायचं हे कुठल्याच प्रतीत नव्हतं, एका आईकडेच होतं. ऊन भिंतीवरून सरकत गेलं, निळा रंग गडद झाला, चहा दोनदा झाला. शेवटी ती आवाज खाली आणून म्हणाली, "उद्या खोल पाण्यात उडी आहे. वरून. खाली पाय टेकत नाहीत तिथे. मला भीती वाटते रे."

"मग नको..." त्याने जीभ चावली. आई त्याच्याकडे बघत होती. "मी येऊ?" तो म्हणाला.

"बायकांची वेळ असते म्हटलं ना. दारातून हाकलतील तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात तो जागेवर बसलाच नाही. जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी उभा राहिला. फोन वाजला. एकदा. आणि थांबला नाही. दुसऱ्यांदा वाजायच्या आत त्याने उचलला. तिकडे मोठा पोकळ गलका होता, आपटणारं पाणी, शिट्टी, बायकांची हसणी. "ऐक," आईचा आवाज आला, अगदी जवळून, थोडा कापरा. "फोन मी कठड्यावर ठेवतेय, पिशवीत घालून. ऐकत राहा."

"आई, जपून हं, फरशी..."

"गप्प बस आणि ऐक."

मग तिचा आवाज गेला. ओली पावलं लांब गेली. कुणीतरी म्हणालं, या मावशी, या, खाली बघू नका. आणि मग एक धप्प. मोठा. त्याने फोन कानात घुसवला. लगेच दुसरा धप्प झाला, मग तिसरा, कुणी ओरडलं, कुणी टाळ्या वाजवल्या, आणि त्या सगळ्या पाण्यात आईचं पाणी कुठलं हे त्याला ओळखता येईना. इथे फलक नव्हता. हिरवं नव्हतं, लाल नव्हतं. वकील वरच्या पायरीवर येऊन खुणेने विचारू लागली, काय झालं? त्याने हात वर केला, थांब. ती थांबली. खिडकीची चौकट त्याने गच्च धरली होती, आणि फोन ठेवावा असं मात्र त्याला एकदाही वाटलं नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. त्याने मोजला नाही, आणि तो मोजणाऱ्यांतला होता. मग पावलं आली. पचपच, पचपच. पिशवी खुडबुडली. आधी नुसती धाप ऐकू आली, ओली, मोठी, आनंदाने फुटायला आलेली, आणि मग त्या धापेतून आईने विचारलं,

"आहेस का रे?"

"आहे," तो म्हणाला. "आहे गं. सांग."